दुसऱ्या नजरेचा रकाना

१ सप्टेंबर, सोमवार

दिवा लागायला पंधरा मिनिटं असायची आणि आमच्या प्रमुख बाई आणि मी प्रयोगशाळेच्या मासेघराबाहेरच्या जिन्यावर, तिसऱ्या पायरीवर बसलेल्या. बाईंचा थर्मास, माझं संत्रं. बाई एकेका फोडीचे पांढरे दोरे काढत बसायच्या. मी घाई करायचे, बाई, आवरा, दिवा लागेल. तर म्हणायच्या, लागू दे की, मासे आपल्याला सोडून कुठे जातात? मग आत टाइमरचा खटका वाजायचा. आम्ही हात धुवून आत शिरायचो आणि नर-मादीच्या मधली पट्टी उचलायचो. उजाडलं असं वाटून मासे अंडी घालायला लागायचे. रोज. इतकी वर्षं!

बाई निवृत्त होऊन अठरा वर्षं झाली. आज तिथेच एकटी बसले. संत्रं नेलं होतं, सोललं नाही. महिनाअखेर माझीही निवृत्ती.

२ सप्टेंबर, मंगळवार

निरोपाच्या दिवशी दोन शब्द बोला म्हणतात. काय बोलू? बत्तीस वर्षं काय केलं ते सोप्या भाषेत सांगा, असं साहेबांचं म्हणणं.

सोपंच आहे की. नवं रसायन माणसाच्या अंगाला लागण्याआधी, पोटात जाण्याआधी, आम्ही ते माशाला विचारतो. झेब्रा मासा. बोटाच्या दोन पेरांएवढा, अंगावर निळे पट्टे. त्याचं अंडं काचेसारखं आरपार. एक दिवस झाला की आत हृदय उडताना दिसतं. प्लेटला चोवीस खण, एकेका खणात एकेक अंडं, वर थेंबभर रसायन. पाच दिवस बघायचं. पाठीचा कणा वाकला का, हृदय सुजलं का, डोळा लहान राहिला का. ज्याने माशाचं पिल्लू बिघडतं, त्याने माणसाचंही बिघडू शकतं. यकृत, हृदय, मज्जातंतू, सगळं त्याला आहे, आपल्यासारखंच, फक्त इवलं.

ह्यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "एवढंच? आणि मला वाटायचं तू बत्तीस वर्षं मासे पाळतेस म्हणून घरी उशिरा येतेस."

३ सप्टेंबर, बुधवार

आजचं नीट लिहून ठेवते.

एक्केचाळीस नंबरचा आज पाचवा दिवस. लहान मुलांच्या कानात घालायच्या थेंबांसाठीचं द्रव्य. औषध नासू नये म्हणून घालतात ना, तसलं. हल्ली प्लेट आम्ही वाचत नाही, यंत्र वाचतं. फोटो काढतं, कणा मोजतं, हृदयाचे ठोके मोजतं आणि पडद्यावर हिरवी खूण उमटवतं. एक्केचाळीसला सगळीकडे हिरवं. निर्दोष.

प्लेट उचलून धुवायला नेली आणि सवयीने कडेला टिचकी मारली. ही बाईंची सवय. प्लेट बघण्याआधी नखाने टकटक करायच्या. "कुणाच्या घरात न विचारता शिरू नये, तुमच्या शाळेतल्या नन्सनी शिकवलं नाही का गं?" टिचकी मारली की सगळी पिल्लं एकदम दचकून पळतात. ही काही चाचणी नव्हे. तक्त्यात तिला रकानासुद्धा नाही. नुसती रीत.

एक्केचाळीसची पिल्लं पळाली नाहीत.

पोहत होती. छान, सरळ पोहत होती! पण टिचकीला काही नाही. शेजारची साध्या पाण्याची प्लेट वाजवली. चोवीसच्या चोवीस तुरुतुरु. पुन्हा एक्केचाळीस. नाही.

४ सप्टेंबर, गुरुवार

छोट्या मॅडमना सांगितलं. वयाने माझ्या मुलीपेक्षा लहान, हुद्द्याने माझ्या वर, म्हणून मी तिला छोटी मॅडम म्हणते आणि ती मला मावशी. आधी हसली. पिल्लं गारठली असतील मावशी, नाहीतर तुमचं नख वाढलं असेल. मग प्लेट घेऊन स्वतः टिचक्या मारत बसली. दहा मिनिटांनी हसू गेलं.

माशाच्या अंगाच्या दोन्ही बाजूंना बारीक केसांच्या पेशींची ओळ असते. पाण्याची हालचाल त्याने कळते. आपल्या कानाच्या आत अगदी तशाच पेशी आहेत. त्या चमकवणारा एक रंग असतो, तो तिने पाण्यात सोडला. साध्या प्लेटमधलं पिल्लू मायक्रोस्कोपखाली धरलं तर कडेकडेने ठिपके पेटलेले. एखाद्या रस्त्यावरचे दिवेच. एक्केचाळीसचं धरलं तर सगळा अंधार. एखाददुसरा मिणमिणता.

"यंत्राला हे दिसलंच नाही," ती म्हणाली. दिसणार कसं? त्याला विचारलं कुणी?

माशाच्या ह्या पेशी मेल्या तर चार दिवसांत परत उगवतात म्हणे. माणसाच्या उगवत नाहीत. गेल्या त्या गेल्या.

५ सप्टेंबर, शुक्रवार

पुन्हा नव्याने लावली. ह्या वेळी सहा प्लेटा, वरचे नंबर झाकून. कुठल्या दोनमध्ये एक्केचाळीस आहे ते फक्त छोट्या मॅडमना ठाऊक. मी नुसती टिचकी मारायची आणि सांगायचं.

७ सप्टेंबर, रविवार

बाईंकडे गेले. दर दुसऱ्या रविवारी जाते. अठ्ठ्याहत्तर झाल्या. डोळ्यांचा पडदा गेला आहे, कडेचं थोडं धूसर दिसतं, मधोमध काळं. मासेघराला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय, सत्तावीसला समारंभ, पितळी पाटीसुद्धा तयार. समारंभाला कोणते कपडे घालू, हे सुनेला तिसऱ्यांदा विचारत होत्या. सून म्हणाली, आई, काहीही घाला, तुम्हाला कुठे दिसणार आहे! बाई म्हणाल्या, लोकांना दिसणार आहे ना, त्यांची तर दया कर. तिघी हसलो.

एक्केचाळीसचं सांगितलं. टिचकीवरून सापडलं म्हटल्यावर चेहरा उजळला. माझा हात धरून बसल्या होत्या.

१० सप्टेंबर, बुधवार

दुसरी आणि पाचवी. मी बरोबर सांगितल्या.

छोट्या मॅडमनी मला मिठीच मारली. एक्केचाळीस आता बाजारात जाणार नाही, निदान असं तरी नाही. मग खुर्चीत बसून सहज म्हणाली, मावशी, इतकी वर्षं टिचक्या मारताय, आधी कधी असं झालं होतं?

मी नाही म्हटलं.

पटकन म्हटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

काही लिहावंसं वाटत नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

शाळेत दर शुक्रवारी शेवटच्या तासाला सिस्टर एकेकीला आठवड्यातली चूक कागदावर लिहायला सांगायच्या. वाचायच्या नाहीत. घडी घालून तुझ्याजवळच ठेव, म्हणायच्या. मी नेहमी लहानसहान लिहायचे. शाई सांडली. बहिणीची रिबन घेतली. मोठं काही लिहायला आज साठाव्या वर्षी बसले आहे.

वीस वर्षांपूर्वी. चौदा नंबरची वही. आज कपाटातून काढून बघितली, तशीच आहे, पिवळी झाली आहे. तेव्हा यंत्र नव्हतं. नियम असा होता की प्रत्येक प्लेट दोघींनी वेगवेगळी बघायची, एकमेकींना न विचारता. वहीत दोन रकाने — पहिली नजर, दुसरी नजर. पहिली माझी, दुसरी बाईंची. जुळले तरच सही.

बाईंचे डोळे तेव्हाच जायला लागले होते. मायक्रोस्कोपमधून मधोमध काळा डाग दिसतो, एवढंच एकदा म्हणाल्या होत्या. वर कळलं असतं तर बाईंना त्याच दिवशी घरी बसवलं असतं, आणि बाईंशिवाय मासेघर बंदच झालं असतं. बंद करायला टपलेलेच होते सगळे. मी काही बोलले नाही. हळूहळू दुसरा रकानाही मीच भरायला लागले. दुसऱ्या पेनाने. बाई नुसती सही करायच्या. दोन वर्षं असं चाललं, त्या निवृत्त होईपर्यंत.

आणि त्यात एक दिवस होता. कानाच्या थेंबांमधलंच द्रव्य, एक्केचाळीसच्याच घराण्यातलं. बाईंनी टिचकी मारली. मी मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली. "पोरी उठल्या का गं?" म्हणजे पिल्लं दचकली का.

उठल्या नव्हत्या, उठल्या त्या फक्त चोवीसमधल्या दोन.

नाही म्हटलं असतं तर चाचणी पुन्हा झाली असती, बाहेरचा तपासनीस आला असता, त्याने बाईंना म्हटलं असतं, बघा आणि सांगा. बाकी कणा, हृदय, सगळं चांगलं होतं. टिचकीचा रकानाही नव्हता.

मी म्हटलं, उठल्या.

१३ सप्टेंबर, शनिवार

कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेले. कानाचे थेंब मागितले, लहान मुलांचे. तीन कंपन्यांचे निघाले. चष्मा वर करून खोक्यावरची बारीक अक्षरं वाचत उभी. दुकानदार म्हणाला, "काकू, औषध घ्यायचंय की पाठ करायचंय?"

दुसऱ्या खोक्यावर ते नाव होतं. वहीतलंच.

विचारलं, खपतं का हे? म्हणाला, हेच तर खपतं, स्वस्त आहे, आया हेच मागतात.

कुणाचं काही झालं का मला ठाऊक नाही. कधी कळणारही नाही. ज्या मुलाला थोडं कमी ऐकू येतं त्याला लोक हट्टी म्हणतात, वर्गात लक्ष नाही म्हणतात. थेंबांकडे कोण बघणार?

१५ सप्टेंबर, सोमवार

छोट्या मॅडमना वही दाखवली. सगळं सांगितलं. ती पानं उलटत राहिली. किती वेळ!

"मावशी, दुसरा रकाना तुमच्या अक्षरात आहे."

मी म्हटलं, हो.

"आणि सही बाईंची."

हो.

ती चिडेल असं वाटलं होतं. चिडली नाही. शांतपणे म्हणाली की नुसत्या आठवणीवर कुणावर आळ घेता येणार नाही, ते द्रव्य आजही विकत मिळतं, लावून बघू. मग जाता जाता दारात थांबली. म्हणाली, दहा तारखेला विचारलं तेव्हा नाही म्हणालात, त्याचं मला जास्त लागलं.

बरोबर आहे तिचं.

१६ सप्टेंबर, मंगळवार

अंडी मीच वेचली. चहाच्या गाळणीतून. इतक्या यंत्रांच्या गर्दीत गाळणी अजून टिकून आहे. चांगली, गोल, स्वच्छ अंडी एकेक करून निवडली. मनात एकच, ह्या वेळी उठू देत. मग वाटलं, हेच, हेच मी तेव्हाही मागत होते. जे बघायचं ते न बघता जे हवं ते मागायचं.

प्लेट लावली. वाचणार छोट्या मॅडम, मी नाही. मीच म्हटलं तसं.

१८ सप्टेंबर, गुरुवार

ह्यांना सांगितलं. जेवताना. घास हातात तसाच धरून ऐकलं. मग विचारलं, बाईंना सांगितलंस? नाही म्हटलं तर म्हणाले, "आधी त्यांना. कागद नंतर."

एरवी माझी चेष्टा करणारा माणूस. भांडी पण त्यांनीच घासली.

२० सप्टेंबर, शनिवार

छोट्या मॅडमनी सकाळीच प्लेट बघितल्या. मी बाहेर जिन्यावर. दार उघडून नकाराची मान हलवली. रंग घालून फोटो काढला, तो दाखवला. अंधार. एक्केचाळीसपेक्षा दाट.

दुपारी दोघी साहेबांकडे. साहेब वाईट माणूस नाही. पण ऐकताना त्यांची नजर खोलीच्या कोपऱ्यात, तिथे कागदात गुंडाळलेली पाटी ठेवली आहे. म्हणाले, कळवायचं तर कळवूच, कोण नाही म्हणतंय, पण सत्तावीस होऊ दे. वीस वर्षं थांबलं, एक आठवडा थांबेल. त्या म्हातारीचा एक दिवस तरी नीट जाऊ द्या. मला म्हणाले, तुम्हाला तरी वाटायला हवं हे.

वाटतं! त्याचंच तर सगळं झालं.

छोट्या मॅडम म्हणाल्या, ह्या आठवड्यात किती बाटल्या खपतील साहेब?

पत्र मी सोमवारी देणार. समारंभाआधी. उद्या बाईंकडे.

२१ सप्टेंबर, रविवार

सून बाजारात गेली होती, थोड्या वेळात आली. तोवर मी सांगून टाकलं. हात बाईंच्या हातात होता, तो सांगायच्या आधी सोडवून घेतला.

बाई ऐकत होत्या. मान माझ्याकडे नाही, खिडकीकडे, त्यांना कडेचंच दिसतं म्हणून. मग विचारायला लागल्या. जशा वहीवर विचारायच्या तशाच, एकेक.

"किती उठल्या होत्या?"

चोवीसमधल्या दोन.

"आणि तू उठल्या म्हणालीस."

हो.

"का?"

मी म्हटलं, बाई, तुमच्यासाठी. तुम्हाला घरी बसवलं असतं.

सून पिशवी घेऊन आत आली, आमच्याकडे बघितलं आणि स्वयंपाकघरात गेली.

"माझ्या नावावर घालू नकोस," बाई म्हणाल्या. "मी मागितलं नव्हतं."

मग सुनेला हाक मारली. "हिला दारापर्यंत सोड गं."

बत्तीस वर्षांत त्या घरात मला कुणी दारापर्यंत सोडलं नाही. मी घरचीच होते. सून चप्पल घालेपर्यंत उभी राहिली. पुढच्या खेपेला या म्हणाली नाही.

२२ सप्टेंबर, सोमवार

पत्र साहेबांच्या टेबलावर ठेवलं. दोन पानी. कोणती वही, कोणतं पान, कोण खोटं बोललं. परवाना देणाऱ्या कार्यालयाला पाठवा म्हटलं. उद्या पाठवतो म्हणाले.

२३ सप्टेंबर, मंगळवार

पाठवलं नाही.

२४ सप्टेंबर, बुधवार

आज पहिल्यांदा बाईंचा राग आला. मी लिहिते आहे खरं, पण मनातल्या मनात बाईंशी भांडते आहे. मागितलं नव्हतं! रोज जिन्यावर संत्रं कुणाच्या हातचं खायचात? सही करताना बोट कुठे ठेवायचं हे दाखवायला माझा हात लागायचा, तेव्हा काही मागितलं नव्हतं? मग भांडून झालं की आठवतं — हिवाळ्यात हीटर बंद पडला तेव्हा बाई आपली शाल टाकीला गुंडाळून स्वतः रात्रभर कुडकुडत बसल्या होत्या. माझी मुलगी आजारी होती, त्या महिन्यात माझी सगळी पाळी त्यांनी केली, वर कळू न देता. माझा रकाना तेव्हा त्यांनी भरला होता का? नाही. पहिल्या नजरेला माझ्या जागी शिपायाला बसवून त्याला मोजायला शिकवलं. नियम म्हणजे नियम, दोन माणसं.

तेवढ्या त्या खऱ्या होत्या. मग मी कुणासाठी खोटी झाले?

२५ सप्टेंबर, गुरुवार

छोट्या मॅडमनी साहेबांना सांगितलं की पत्र आज गेलं नाही तर एक्केचाळीसच्या अहवालावर ती सही करणार नाही. साहेब माझ्यावर तडकले, तुम्ही पोरीला बिघडवलंत. मी म्हटलं, नाही साहेब, ती आधीच चांगली होती.

अजून पाकीट त्यांच्या खणात.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

सकाळी बाईंची सून मासेघरात आली. पहिल्यांदाच. आईंनी सांगितलं तसं लिहून घेतलंय, म्हणाली. एक पान. खाली बाईंची सही, ओळ सोडून खाली घसरलेली.

लिहिलंय —

"त्या दिवशी मी टिचकी मारून विचारलं तेव्हा तिने उत्तर द्यायला वेळ लावला. एरवी ती लगेच सांगायची. तो थांबलेला क्षण मी ऐकला. त्याचा अर्थ मला कळला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही. पुढची प्लेट मागितली. दुसरा रकाना कोण भरतं हेही मला पहिल्या आठवड्यापासून ठाऊक होतं. रविवारी मी तिला उलट सांगितलं. पाटी लावू नये."

साहेबांकडे गेले, खण उघडायला लावला. आता माझ्या हाताने पाठवणार. कपाटावर चिकटवायचा कागद इथेच आधी लिहिते —

वही चौदा आणि पंधरा — परवान्याच्या कार्यालयाला. मूळ वह्या, झेरॉक्स नाही.

माझं पत्र, बाईंचं पत्र — एका पाकिटात, एका टाचणीने.

दोन्ही द्रव्यांच्या प्लेटांचे फोटो — छोट्या मॅडमच्या नावाने, माझ्या नाही.

मासेघराची किल्ली आणि गाळणी — छोट्या मॅडमना.

पाटी — साहेबांच्या कोपऱ्यातच राहू दे, लावायची नाही.

ही रोजनिशी — बाईंच्या सुनेला. बाईंना सगळी वाचून दाखव. चोवीस तारीखसुद्धा. काही गाळू नकोस.